सकाळी सात वाजताचं फूल

[दृश्य: पहाट. वाफ्यावर अंथरलेल्या प्लास्टिकच्या मल्चिंग पेपरवर दव. कॅमेरा पानांच्या खाली शिरतो.]

मावळ तालुका, पुणे जिल्हा. फेब्रुवारी महिना. सकाळचे साडेसहा.

ही खरबरीत, चंदेरी ठिपक्यांची पानं झुकिनीची. पहिल्यांदा लावणाऱ्याला हे ठिपके पाहून रोग आल्यासारखं वाटतं. तो रोग नाही, या पानाचा रंगच असा असतो. रोप जोमात आहे. ड्रिप चालू आहे, खत वेळेवर पडलंय, पानांवर कीड नाही.

आता पानाखाली बघा. बोटाएवढं फळ. टोक पिवळं पडून मऊ झालंय, सुकलेलं फूल अजून त्याला चिकटून आहे. या शेतात राबणाऱ्या काकूंनी नुसता हात लावला आणि फळ देठातून निघून आलं.

[दृश्य: काकू घमेल्यात फळं टाकत सरीतून पुढे जातात. दहा सेकंद निवेदन नाही.]

पिवळी पडलेली फळं बाजारात जात नाहीत, वाकडी व्यापारी उचलत नाही. दोन्ही गुरांपुढे जातात.

झुकिनी ही आपल्या तांबड्या भोपळ्याची भावकी. या कुळाचं मूळ गाव मेक्सिको. तिथल्या ओआहाका प्रांतातल्या एका गुहेत याच जातीच्या भोपळ्याच्या सुमारे 10,000 वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या आहेत. हिरवी, लांबट, कोवळी खायची झुकिनी घडली ती मात्र इटलीत, मिलान शहराच्या आसपास, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. मेक्सिकोत या वेलींच्या फुलांवरच जगणाऱ्या खास रानमाश्या आहेत. सूर्य उगवायच्या आधीच त्या फुलात हजर असतात. बियाण्याचं पाकीट आपल्याकडे आलं, ती माशी आली नाही. इथे सगळी भिस्त आपल्या मधमाश्यांवर.

[दृश्य: कळी उमलताना, वेग वाढवून.]

सात वाजत आले. कळीचा पीळ सुटतोय. हे फूल आज एकदाच उघडणार. उन्हं चढली की मिटायला लागेल आणि दुपारपर्यंत कोमेजेल. उद्या ते पुन्हा उघडत नाही.

हे नर फूल. देठ लांब, सरळ, बारीक. आणि हे मादी फूल. याच्या मागे फुलाआधीच इवलीशी झुकिनी तयार असते. आपण तिला फळ लागलं असं म्हणतो, तिथेच फसगत होते. ते अजून फळ नाही. परागकण पोचले तरच त्याचं फळ होणार.

[दृश्य: अगदी जवळून, नर फुलाचा मध्यभाग.]

हे कण पाहा. हळदीच्या रंगाचे, चिकट, आणि इतके मोठे की उन्हात नुसत्या डोळ्यांनी दिसतात. वाऱ्याने ते उडत नाहीत. काकूंनी फूल जोरात झटकलं, तरी कण जागचे हलले नाहीत. ते कोणीतरी अंगावर वाहूनच न्यावे लागतात.

आम्ही याच बेडवर, म्हणजे गादीवाफ्यावर, तीन मादी फुलं निवडली. पहिल्यावर आदल्या संध्याकाळीच मलमलची पिशवी बांधली. दुसऱ्यासाठी काकूंनी नर फूल तोडलं, त्याच्या पाकळ्या सोलून काढल्या आणि आतला पिवळा दांडा मादी फुलाच्या मधोमध, सगळ्या बाजूंनी हलकेच फिरवला. मग देठाला लाल दोरा बांधला. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलांचं काम होतं. तिसऱ्या फुलाला फक्त एका बाजूने, ओझरता स्पर्श केला.

[दृश्य: तिन्ही फुलं, दिवसागणिक.]

तिसरा दिवस. पिशवीतल्या फळाचं टोक पिवळं. लाल दोऱ्याचं फळ हिरवंगार, गेल्या दोन दिवसांत ठळक वाढलेलं. तिसरं देठाकडे फुगलंय, पुढे निमुळतं आणि कललेलं.

ते तिसरं फळ आम्ही उभं चिरलं. फुगलेल्या भागात बिया भरल्यात. निमुळत्या भागात बियांच्या जागी पातळ फोलपटं आहेत. वाढणारी बी स्वतः संप्रेरक सोडते, त्याने तिच्या भोवतीचा गर वाढतो. जिथे बी धरली नाही तिथे गरही नाही. या शेतातल्या वाकड्या फळांचं मूळ हे आहे. त्यावर टॉनिकच्या तीन फवारण्या झाल्या होत्या.

[दृश्य: पंप पाठीवर. सकाळचं ऊन. फुलांवर तुषार.]

हे चित्रण आमच्या पहिल्या दिवसाचं, आठ वाजताचं. फूल पूर्ण उघडं आहे, आणि त्याच वेळी औषध मारलं जातंय. या दिवशी आम्ही दोन तास या फुलांसमोर बसून होतो. मुंग्या आल्या, एक छोटा भुंगेरा आला. मधमाशी एकही आली नाही.

फवारणी करावीच लागली, तर झुकिनीत ती सूर्य कलल्यावर करा, फुलं मिटल्यावर. शेजारी दुधी असेल तर तिथेही नजर टाका, कारण दुधीचं पांढरं फूल संध्याकाळीच उघडतं आणि त्याचे पाहुणे अंधारात येतात.

[दृश्य: सातेरीची पेटी. झाकण उघडतं. माश्यांचा आवाज, मोठा.]

ही सातेरी. आपल्या सह्याद्रीतली, ढोलीत आणि कपारीत राहणारी मधमाशी. पाळता येते, पेटीत नांदते. पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर 1962पासून केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे, तिथे हे शिकायला मिळतं. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर तर 2022मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं.

मधाचं कौतुक सगळे करतात. आम्हाला मात्र हा पाय दाखवायचा आहे. पाहा, मागच्या पायावर पिवळी गोळी, आणि छातीच्या केसांत अडकलेले तेच मोठे हळदी कण. आता ती मादी फुलात उतरतेय. एका भेटीत भागत नाही, फूल उघडं असतं त्या चार-पाच तासांत अशा पुष्कळ भेटी व्हाव्या लागतात. म्हणून पेटी एक ठेवून चालत नाही. एकरी दोन-तीन ठेवाव्यात, आणि त्या फुलं दिसू लागल्यावर आणाव्यात. आधी आणल्या तर माश्या दुसऱ्या फुलोऱ्याची वाट धरतात. दार पूर्वेला, जवळ पाणी, आणि बांधावरची रानफुलं तणनाशकाने जाळलेली नसावीत.

पेट्या येईपर्यंत काकू रोज सात ते नऊ हाताने पराग लावत होत्या. थंडीत कधी मादी फुलं आधी येतात आणि सगळ्या प्लॉटमध्ये नर फूल एकही नसतं. तेव्हा ती पहिली फळं गळणारच, आठवडाभर दम धरावा. युरिया जास्त होऊन झाड माजलं असेल तर नुसती पानंच फोफावतात. टोक पिवळं न पडता तपकिरी, चामड्यासारखं सुकत असेल, तर पाण्याच्या पाळ्या सांभाळा. एक दिवस तुडुंब आणि चार दिवस कोरडं, असं झालं की कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही. सालीवर टोचल्याची खूण आणि डिंकाचा थेंब दिसला तर ती फळमाशी, तिला सापळे लावा.

[दृश्य: पेट्या ठेवल्यानंतरचा नववा दिवस. सकाळ.]

हेच शेत. तोच बेड. सव्वासात वाजलेत. एका फुलात तीन सातेरी आहेत, चौथी पाकळीच्या कडेवर थांबली आहे.

[दृश्य: काकू पान बाजूला करतात. लाल दोऱ्याच्या सुकलेल्या टोकाशेजारी नवं, वीतभर, सरळ फळ. चाकू. क्रेट. निवेदन नाही, फक्त माश्यांचा आवाज.]