लागली का लावली?

शनिवारवाड्यात आत गेलं की दिसतं काय, तर नुसती जोती. वरचा लाकडी वाडा २७ फेब्रुवारी १८२८ ला पेटला, कित्येक दिवस जळत होता म्हणतात, आणि कशानं पेटला ते आजही कुणाला सांगता येत नाही. ती राख चाळून बघणारं तेव्हा कुणी नव्हतंच.

आता १९ मार्च २०२५ ची सकाळ, हिंजवडी फेज वन. कामावर निघालेल्या माणसांची मिनीबस पेटली आणि मागे बसलेले चौघं बाहेरच पडू शकले नाहीत. सुरुवातीला सगळ्यांच्या तोंडी एकच, शॉर्ट सर्किट झालं असेल. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी सांगितलं की आग लावलेली आहे, संशय ड्रायव्हरवरच आहे, आणि त्यासाठी बेन्झीन वापरलं असं त्यांचं म्हणणं. आरोपाचं काय ते कोर्टात ठरेल, पण ती काळी पडलेली बस बघून मला तेव्हापासून एकच प्रश्न पडलाय, लागलेली आग आणि लावलेली आग वेगळी ओळखतात कशी?

अमेरिकेत याच कामासाठी एटीएफ या केंद्र सरकारच्या खात्याची नॅशनल रिस्पॉन्स टीम आहे, १९७८ पासून. स्थानिक पोलिसांनी किंवा फायर ब्रिगेडनं बोलावलं की २४ तासांत हजर, आग तपासणारे, इंजिनिअर, केमिस्ट आणि पेट्रोलचा वास हुंगणारी कुत्री. पण ही माणसं आल्या आल्या कुणी लावली असं विचारतच नाहीत, आधी विचारतात सुरू कुठे झाली. मग गुडघ्यावर बसून खुरपं आणि ब्रश घेऊन थर काढायचे, वर पत्रा, त्याखाली छताचा कोळसा, त्याखाली फर्निचर, अगदी खाली जमीन, आणि प्रत्येक थराचा फोटो.

आता हा तांब्याच्या वायरीचा तुकडा जरा जवळून बघा. टोकाला बाजरीच्या दाण्याएवढा गुळगुळीत मणी आलाय आणि बाकी वायर जशीच्या तशी आहे. तांबं वितळायला १,०८५ अंश सेल्सिअस लागतात, म्हणजे इथे ठिणगी पडली, शॉर्ट झाला हे नक्की. पण त्यानंच आग लागली का? नाही सांगता येत, कारण आधी आग लागते, वायरीचं प्लास्टिक जळतं, आत करंट चालूच असतो आणि मग शॉर्ट होतो, म्हणजे आपण ज्याला कारण म्हणून मोकळे होतो तो कितीतरी वेळा आगीचा परिणाम असतो. आपल्याकडे धूर निघायच्या आधी शॉर्ट सर्किट जाहीर होतं ना, त्याचा मला मनापासून राग येतो.

आणि उलटी चूकही तितकीच वाईट. बंद खोलीत वरचा धूर साधारण ६०० अंशांच्या आसपास गेला की खालचं सगळं एकदम पेटतं, त्याला फ्लॅशओव्हर म्हणतात, आणि मग फरशीवर असे डाग उमटतात की कुणी पेट्रोल ओतलंय असंच वाटावं. २००५ मध्ये लास व्हेगासला एटीएफच्याच लोकांनी खोली पेटवली, फ्लॅशओव्हरनंतर दोनच मिनिटं जळू दिली आणि ५३ तपासनीसांना विचारलं, खोलीच्या कोणत्या भागात सुरुवात झाली? बरोबर सांगितलं फक्त ३ जणांनी. या असल्या अंदाजांवर माणसं तुरुंगात जातात हो! म्हणून मेरीलँडमधल्या त्यांच्या लॅबमध्ये जळालेल्या खोलीसारखीच खोली बांधतात, तसाच सोफा, तसेच पडदे, आणि खरंच पेटवून बघतात. कुत्र्यानं जागा दाखवली तरी तिथला नमुना लॅबमध्ये पास झाल्याशिवाय पेट्रोल म्हणत नाहीत.

पुण्यात कायदा आहे, लॅब आहे. घर किंवा गोदाम मुद्दाम जाळलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२६ खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा होते, आणि ७ वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकवाल्यांनी जागेवर यायचं हे नव्या फौजदारी कायद्यात लिहिलंय. नमुने तपासायला गणेशखिंडीत सरकारी प्रयोगशाळा आहे.

पण लॅबला मिळणार काय? आग विझते, गर्दी आत शिरते, कुणी भंगार उचलतं, कुणी कागदपत्रं शोधतं आणि सकाळी जेसीबी लागतो. कालपर्यंत त्या राखेत सगळं होतं हो. फळ्यांच्या फटीत, जळक्या गालिच्याखाली पेट्रोलचे चार थेंब कित्येकदा शिल्लक राहतात, कारण तिथवर हवाच पोचत नाही. ते साध्या प्लास्टिकच्या पिशवीत भरले तर वाफ पिशवीतून उडून जाते, पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरले तर टिकतात. आणि शेजारचा, जिथे काही सांडलेलं नाही असा तुकडाही वेगळ्या डब्यात घ्यायचा, कारण गालिचा किंवा फोम जळला तरी त्यातून अशीच रसायनं निघतात.

दोन डबे, दोन्हीवर पंचांच्या सह्या, दोन्हीला सील, आणि मगच जेसीबीला आत सोडायचं.