पाय जड का होतात?

श्रोतेहो, नमस्कार.

१४ ऑक्टोबर २०२५ च्या संध्याकाळी मडगावजवळच्या फातोर्डा मैदानावर भारताच्या फुटबॉल संघाने सिंगापूरविरुद्ध आघाडी घेतली, तेव्हा सामन्याची जेमतेम १४ मिनिटे झाली होती. लालियानझुआला छांगटेचा दुरून मारलेला फटका जाळ्यात गेला आणि इकडे कोल्हापुरात आमच्या टीव्हीसमोर बसलेल्या सात-आठ जणांनी २०२७ च्या आशियाई चषकाचे हिशेब मांडायला सुरुवात केली. ते हिशेब फार वेळ टिकले नाहीत. मध्यंतराला मिनिटभर उरले असताना सॉन्ग उई-योंगने बरोबरी साधली आणि मध्यंतरानंतर पाव तासाच्या आत त्यानेच दुसरा गोल केला. भारत १-२ असा हरला. गटातल्या एकाच संघाला सौदी अरेबियात होणाऱ्या मुख्य स्पर्धेत जागा मिळणार होती आणि ती आता भारताला मिळणार नाही, हे त्या रात्री निश्चित झाले.

सामना संपण्याआधीच आमच्या घरात दुसरा सामना सुरू झाला होता. माझे मामा एके काळी पेठेतल्या तालमीकडून शाहू स्टेडियमवर खेळलेले, त्यामुळे फुटबॉलच्या बाबतीत त्यांचा शब्द घरात शेवटचा मानला जातो. ते म्हणाले, "पळायला काय धाड भरलीय यांना? जीव तोडून खेळायचंच नाही कुणाला." त्यावर माझा मावसभाऊ, जो गोव्यात नोकरी करतो आणि त्या संध्याकाळी नेमका सुट्टीवर इकडे आला होता, म्हणाला, "मामा, पोरं आळशी नाहीत, भेदरलीत. पाय जड झालेत त्यांचे." गंमत अशी की दोघेही पडद्यावरच्या एकाच खेळाडूकडे बोट दाखवत होते. चेंडू त्याच्यापासून दहा-बारा पावलांवर होता आणि तो जागचा हलला नव्हता.

भारतीय संघाच्या चाहत्यांमध्ये हा वाद गेली दोन-तीन वर्षे सतत चालू आहे. प्रयत्न कमी पडतात की आत्मविश्वास, या प्रश्नावर लोक तावातावाने बोलतात, आणि मला त्या बोलण्याविषयी आदर आहे, कारण ज्या संघावर प्रेम नाही त्याच्यासाठी कुणी रात्री अकरा वाजता घसा कोरडा करत नाही. पण या वादात आपण एक गोष्ट गृहीत धरतो. प्रयत्न डोळ्यांना दिसतो आणि आत्मविश्वास दिसत नाही, असे आपल्याला वाटते. माझे म्हणणे असे आहे की प्रेक्षागृहातून पाहताना आपण ज्याला आळस म्हणतो, ती बहुतेक वेळा भीती असते, आणि ज्याला मेहनत म्हणून टाळ्या वाजवतो, तीही कधी कधी भीतीच असते.

फातोर्ड्याच्या आधी पाचच दिवस, ९ ऑक्टोबरला, हेच दोन संघ सिंगापुरात भेटले होते. मध्यंतरापूर्वी सिंगापूरच्या इखसान फंदीने गोल केला, मध्यंतरानंतर लगेचच संदेश झिंगनला दुसरे पिवळे आणि म्हणून लाल कार्ड मिळाले, आणि भारताला जवळपास पूर्ण उत्तरार्ध दहा खेळाडूंनिशी खेळावा लागला. तरीही ९० व्या मिनिटाला रहीम अलीने बरोबरीचा गोल केला. त्या दिवशी "पोरांना जर्सीची किंमत नाही" असे कुणीही म्हटले नाही. मग पाच दिवसांत मेहनत करण्याची वृत्ती कुठे गेली? परक्या मैदानावर एक खेळाडू कमी असताना जे पळतात, तेच घरच्या मैदानावर अकराच्या अकरा असताना, आणि तेही आघाडीवर असताना, का थांबतात? झिंगन निलंबित असल्यामुळे बचावफळी बदलावी लागली हे खरे, पण मला त्याहून मोठे कारण दिसते. सिंगापुरात दहा जणांकडे गमावण्यासारखे काही उरले नव्हते, आणि फातोर्ड्यात पहिल्या गोलनंतर प्रत्येकाच्या हातात जपून न्यायची काचेची वस्तू आली.

घाबरलेला खेळाडू मैदानात लपतो. एवढ्या मोठ्या मोकळ्या हिरवळीवर लपायचे कुठे, असे वाटेल, पण जागा पुष्कळ असतात. मधल्या फळीतला खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या बरोबर पाठीमागे उभा राहतो. तिथे त्याला पास देताच येत नाही, त्यामुळे पास चुकण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि आपल्याला मात्र तो नुसता उभा दिसतो. बचावपटू पुढे मोकळा सहकारी दिसत असूनही चेंडू मागे गोलरक्षकाकडे देतो. विंगवरचा खेळाडू समोरच्याला चकवण्याऐवजी लांबून क्रॉस टाकून मोकळा होतो. यांपैकी एकही चूक म्हणून नोंदली जात नाही, सामन्यानंतर दाखवल्या जाणाऱ्या क्षणचित्रांत यातले काही येत नाही, आणि तरी नव्वद मिनिटे अशा लहान लहान माघारींनीच भरून जातात.

याची उलटी बाजू अधिक फसवी आहे. नॉर्वेचे क्रीडा-मानसशास्त्रज्ञ गेयर योर्डेट यांनी मोठ्या स्पर्धांतल्या पेनल्टी शूटआउटचे चित्रीकरण बारकाईने तपासले, तेव्हा त्यांना असे दिसले की ज्या पेनल्टीवर पराभव टांगलेला असतो, ती घेणारे खेळाडू गोलरक्षकाकडे पाहणे टाळतात आणि पंचांची शिटी वाजताच घाईने फटका मारून टाकतात. अशा घाईतल्या पेनल्टी वाया जाण्याचे प्रमाणही अधिक असते. घाई म्हणजे ती वेळ एकदाची टळावी ही इच्छा. आता सामन्यातल्या पळापळीकडे या नजरेने पाहा. चेंडू गेल्यावर वेड्यासारखा त्याच्यामागे धावणारा आणि स्वतःची जागा मोकळी सोडणारा खेळाडू आपल्याला मेहनती वाटतो. मामांना तो फार आवडतो. प्रशिक्षकाच्या मात्र कपाळावर आठ्या पडतात, कारण त्याने सोडलेल्या जागेतूनच पुढचा पास जाणार असतो.

हा संघ नेहमी असा नव्हता, म्हणून तर चाहत्यांना जास्त लागते. जून २०२२ मध्ये कोलकात्यात आधीच्या आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत भारताने हाँगकाँगला ४-० असे हरवले होते. २०२३ च्या उन्हाळ्यात भुवनेश्वरला लेबनॉनला नमवून आंतरखंडीय चषक जिंकला, बंगळुरूला कुवेतला पेनल्टींवर हरवून दक्षिण आशियाची सॅफ स्पर्धा जिंकली, आणि जुलैमध्ये फिफाच्या क्रमवारीत भारत पहिल्या शंभरात, ९९ व्या स्थानावर आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात कुवेतमध्ये जाऊन विजय मिळवला. त्यानंतर कतारमधल्या आशियाई चषकात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरियाविरुद्धचे तीनही सामने गेले आणि संघाला एकही गोल करता आला नाही. २०२४ हे पूर्ण वर्ष विजयाविना गेले. शिलाँगला मार्च २०२५ मध्ये मालदीवला ३-० असे हरवले, तेव्हा मधल्या काळात ४८९ दिवस उलटले होते. पुढे हाँगकाँगमध्ये भरपाई वेळेतल्या पेनल्टीने ०-१ असा पराभव झाला, नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशने २२ वर्षांनंतर भारताला हरवले, आणि क्रमवारीतला आकडा १४२ झाला.

हाँगकाँगच्या त्या सामन्यात पूर्वार्धात जवळजवळ मोकळ्या गोलसमोर आलेली संधी भारताने दवडली. चाहत्यांनी त्या एका फटक्यावर महिनाभर तोंडसुख घेतले. पण तो फटका समजून घ्यायचा असेल, तर आपल्या लीगमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, क्लब आघाडीच्या मधल्या जागेवर कुणाला खेळवतात ते पाहायला हवे. वर्षानुवर्षे ती जागा प्रामुख्याने परदेशी खेळाडूंची राहिली. क्लबांचेही यात काही चुकते असे नाही. त्यांना शनिवारी सामना जिंकायचा असतो. भारतीय मुलाला मात्र तिथे कडेला किंवा मागे खेळावे लागते, आणि देशाची जर्सी चढवल्यावर त्याच्याकडून अचानक अशी अपेक्षा केली जाते की गोलसमोर सहा यार्डांवर चेंडू आला तर पायाने आपोआप ओळखावे काय करायचे ते. आत्मविश्वास ही छाती ठोकून आणायची गोष्ट नव्हे. तीच कृती शेकडो वेळा केल्याची शरीराला राहिलेली ती आठवण आहे. ही आठवण ज्याच्याकडे भरपूर होती तो सुनील छेत्री जून २०२४ मध्ये ९४ आंतरराष्ट्रीय गोल करून निवृत्त झाला, आणि नऊ महिन्यांनी त्यालाच, वयाच्या चाळिशीत, परत बोलवावे लागले. मालदीवविरुद्ध त्याने गोलही केला. छेत्रीच्या चाहत्यांना त्या दिवशी आनंद झाला. मला मात्र त्या आनंदाच्या मागून जरा धास्ती वाटली, हे कबूल करतो.

मामांच्या बाजूनेही बोलायला हवे, कारण ते सगळेच चुकीचे बोलत नाहीत. चेंडू गमावल्यावर परत फिरून आपल्या माणसाला गाठणे, याला कौशल्य लागत नाही आणि धैर्यही फारसे लागत नाही. त्याला दम लागतो आणि मनाची शिस्त लागते. शिलाँगला बांगलादेशविरुद्धची लढत ०-० अशी सुटली. तो संघ क्रमवारीत भारताच्या कितीतरी खाली होता, आणि त्यानंतर तेव्हाचे प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांनी आपला संताप पत्रकारांपुढे लपवला नाही. अशा सामन्यांत दुसऱ्या चेंडूवर, म्हणजे झटापटीतून मोकळ्या सुटलेल्या चेंडूवर, आपण उशिरा पोहोचतो हे उघड दिसते. पण दम तरी कुठून येणार? २०२५ मध्ये महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला हक्कांचा करार संपत आला, नूतनीकरण होईना, आणि जुलैमध्ये लीग बेमुदत थांबवली गेली. नेहमी सप्टेंबरच्या सुमाराला सुरू होणारा हंगाम सुरूच झाला नाही. ऑक्टोबरातल्या सिंगापूरच्या सामन्यांना आपले खेळाडू असे आले की पुढच्या महिन्यात आपण कुठे खेळू, पगार कधी येईल, हेच कित्येकांना माहीत नव्हते. अशा माणसाच्या पोटरीत ७० व्या मिनिटाला गोळा आला, तर त्याला मी तरी आळशी म्हणणार नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये भारताचे प्रशिक्षक झालेले खालिद जमील हे मुंबईच्या फुटबॉलमध्ये घडलेले गृहस्थ आहेत, आणि २०१७ मध्ये मिझोरामच्या आयझॉल क्लबला आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेचे विजेतेपद मिळवून देणारे प्रशिक्षक म्हणून त्यांची ओळख आहे. त्या आयझॉलकडे ना पैसा होता, ना नाव. जमील यांच्या हाताखाली भारताने पहिल्याच स्पर्धेत ताजिकिस्तानला हरवले आणि ओमानला पेनल्टींवर नमवून तिसरा क्रमांक मिळवला. त्यांचा संघ मागे दाट उभा राहून खेळतो, अशी तक्रार होते आणि ती खोटी नाही. पण घाबरलेल्या संघाला आधी सोपे काम द्यावे, हा विचार मला चुकीचा वाटत नाही. फक्त सोप्या कामाची सवय लागली की फातोर्ड्यासारख्या संध्याकाळी, जिथे जिंकायलाच हवे असते, तीच सवय पायात येते.

चाहत्यांच्या बोलण्याचा खेळाडूंवर परिणाम होतो का, याचा एक दाखला मुंबईतच आहे. जून २०१८ मध्ये अंधेरीच्या मैदानावर भारताने चायनीज तैपेईला ५-० असे हरवले, छेत्रीने हॅटट्रिक केली, आणि ते पाहायला अडीच हजारांच्या आसपास माणसे होती. दुसऱ्या दिवशी छेत्रीने चित्रफितीतून विनंती केली की टीका करा, शिव्या द्या, पण मैदानात येऊन आमच्या तोंडावर द्या. केनियाविरुद्धच्या पुढच्या सामन्याची तिकिटे संपली. लोक भर पावसात भिजत बसले आणि भारत ३-० असा जिंकला.

मावसभावाने त्या रात्री मामांना हाच प्रसंग ऐकवला आणि वर विचारले, "मामा, तुमच्या तालमीतलं पोरगं सलग तीन वेळा बाहेर मारतं, तेव्हा तुम्ही त्याला शिव्या घालता का?" मामा रविवारी सकाळी लहान मुलांना शिकवतात आणि आम्ही सगळ्यांनी ते पाहिले आहे. असे झाले की ते काहीही न बोलता चेंडू पाच पावले पुढे आणून ठेवतात आणि म्हणतात, "इथनं मार." मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग टीव्हीचा आवाज बंद करत म्हणाले, "ते पोरगं दहा वर्षांचं असतंय. ह्यांना मी चेंडू कुठं आणून ठेवू, ते सांग."

नमस्कार.