अ‍ॅनी मूर नक्की कोणती?

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय आयर्लंड सोडून गेलेल्या माणसांबद्दल, म्हणजे त्यांचे पणतू-खापरपणतू आज अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात बसून आपलं मूळ गाव कसं हुडकतात त्याबद्दल. चर्चची जुनी रजिस्टरं आणि डीएनए टेस्ट, दोन्ही घेऊ. पण आधी अ‍ॅनीची गोष्ट, ती सांगितल्याशिवाय मला पुढचं सांगताच येत नाही.

तर तारीख 1 जानेवारी 1892. न्यूयॉर्कच्या बंदरात एलिस आयलंड नावाचं बेट आहे, तिथे त्या दिवशी सरकारने नवीन केंद्र उघडलं, बाहेरदेशाहून येणाऱ्यांची नोंद करायला. आणि सगळ्यात पहिलं नाव लागलं ते एका मुलीचं, अ‍ॅनी मूर, राहणार कॉर्क, आयर्लंड. सोबत दोन धाकटे भाऊ, अँथनी आणि फिलिप. आईवडील आधीच न्यूयॉर्कला जाऊन राहिलेले, त्यामुळे ही पोरगी दोन भावांना सांभाळत 'नेवाडा' नावाच्या बोटीतून, सगळ्यात स्वस्त वर्गात, ख्रिसमस समुद्रावरच काढून आली. पहिली म्हणून तिला 10 डॉलरचं सोन्याचं नाणं दिलं. पेपरात छापलं की मुलगी 15 वर्षांची आहे आणि आजच तिचा वाढदिवस आहे. हे वय लक्षात ठेवा, मी परत येणारे त्याच्यावर.

बोट निघाली ते बंदर म्हणजे आजचं कोव्ह, तेव्हा क्वीन्सटाउन म्हणायचे. 1848 ते 1950 या काळात आयर्लंडमधून साधारण 60 लाख माणसं गेली, त्यातली 25 लाखांच्या आसपास या एका बंदरातून. तिथे धक्क्यावर अ‍ॅनीचा आणि तिच्या भावांचा पुतळा आहे. टायटॅनिक शेवटची थांबली तेही हेच बंदर, आणि पर्यटक येतात ते टायटॅनिकचंच विचारत येतात. मला हे पटत नाही. एक बोट बुडाली त्याचं एवढं, आणि 25 लाख लोक आईबापांचा निरोप घेऊन जिथून गेले, बहुतेक परत कधी न भेटण्यासाठी, त्याचं काहीच नाही? असो.

तर पुढे अ‍ॅनीचं काय झालं? वर्षानुवर्षं सगळे सांगायचे की ती टेक्सासला गेली, तिथे लग्न केलं, आणि 1923 साली फोर्ट वर्थ भागात ट्रामची धडक बसून गेली. तिच्या पुढच्या पिढ्यांना समारंभांना बोलवायचे, मान द्यायचे. ती माणसं खोटारडी नव्हती हे मी मुद्दाम सांगते. घरात चालत आलेली गोष्ट त्यांनी मनापासून खरी मानली होती. त्यांच्या आजीचं नाव अ‍ॅनी मूर होतं, एवढं खरंच होतं. पण ती ही अ‍ॅनी मूर नव्हती.

कळलं कसं? मेगन स्मोलेनयाक म्हणून वंशावळ शोधणाऱ्या बाई आहेत, त्यांनी टेक्सासच्या अ‍ॅनीचे कागद काढले आणि बघतात तर काय, ही बाई इलिनॉयची. म्हणजे जन्मच अमेरिकेतला! मग ती बोटीतून कशी उतरेल? एवढं साधं होतं, कागदात लिहिलेलं होतं, आणि इतकी वर्षं कुणी बघितलंच नाही कारण गोष्ट ऐकायला छान होती.

मग 2006 साली या बाईंनी इंटरनेटवर 1000 डॉलरचं बक्षीस लावलं, खरी अ‍ॅनी शोधून द्या. न्यूयॉर्क शहराच्या रेकॉर्ड खात्याचे तेव्हाचे कमिशनर ब्रायन अँडरसन, तेही कामाला लागले. आणि हात कुठे लागला बघा, अ‍ॅनीला नाही, तिच्या धाकट्या भावाला. फिलिपचे अमेरिकन नागरिकत्वाचे कागद सापडले. फिलिपवरून त्याचं कुटुंब, कुटुंबावरून आजचे वंशज, आणि त्यांच्याकडून खरी अ‍ॅनी.

ती टेक्सासला गेलीच नव्हती हो. बोटीतून उतरली आणि न्यूयॉर्कमध्येच राहिली, मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडला, गरिबांच्या दाटीवाटीच्या वस्तीत. जर्मनीहून आलेल्या एका बेकरीवाल्याच्या मुलाशी, जोसेफ शेयरशी लग्न केलं. 11 मुलं झाली, त्यातली 5 मोठी झाली. बाकीची या आईने पुरली. 1924 साली हृदय बंद पडून गेली, पन्नाशीची. क्वीन्समधल्या कॅल्व्हरी दफनभूमीत पुरलं, नावाचा दगडसुद्धा नाही.

आणि ते वय! कॉर्कमधल्या जन्माच्या नोंदीत बघितलं तर अ‍ॅनी जन्मली एप्रिल 1874 मध्ये. म्हणजे उतरली तेव्हा 17 वर्षांची होती, आणि 1 जानेवारी हा वाढदिवस तर नव्हताच.

तर मंडळी, पहिला मुद्दा हाच, दोनदा सांगते. नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला नाही. नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला नाही! आयर्लंडमध्ये तर थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, अशी रीत. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात तसंच. मग एका परिसरात एकाच वयाचे चार-चार पॅट्रिक मर्फी निघतात. त्यातला आपला कुठला? त्यासाठी पॅरिश कळायला हवी, म्हणजे त्या माणसाचं चर्च कुठलं. नुसतं 'आयर्लंड' किंवा 'कॉर्क' पुरत नाही.

आता रजिस्टरं. आयर्लंडच्या नॅशनल लायब्ररीने 2015 मध्ये जुन्या कॅथलिक पॅरिशांची रजिस्टरं ऑनलाईन टाकली, फुकट, साधारण 1880 पर्यंतची. याला एवढी किंमत का, तर सगळ्यांच्या जन्म-मृत्यूची सरकारी नोंद तिथे 1864 मध्ये सुरू झाली, आणि मोठा दुष्काळ त्याच्या आधीचा, 1845 पासूनचा. 10 लाख मेले, 10 लाखांच्या वर देश सोडून गेले. त्या काळाचा सेन्सस म्हणाल तर 1922 च्या यादवीत डब्लिनच्या फोर कोर्ट्सला, म्हणजे सरकारी जुने कागद ठेवलेल्या इमारतीला, आग लागली आणि 1821 ते 1851 चा बहुतेक सगळा जळाला. नंतरचा 1861 ते 1891 चा तर सरकारनेच नष्ट केला. पूर्ण उरले ते 1901 आणि 1911 चे. म्हणून गरिबाच्या घराचा माग लागतो तो बऱ्याचदा फादरच्या वहीतच.

अक्षर गिचमिड, पानं ओल लागलेली, आणि नावं पुष्कळदा लॅटिनमध्ये. जेम्सचा जाकोबुस, विल्यमचा गुलिएल्मुस. पण त्यात आईचं माहेरचं आडनाव असतं बरं का, आणि बाप्तिस्म्याला उभे राहिलेल्या धर्मपिता-धर्ममातेचं नाव असतं, ते बहुतेक मामा, आत्या, काका. तेच धागे. आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावं आहेत, आणि आपण तिथे जाऊन पूजा करून, जेवून परत येतो, वही उघडायला सांगत नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

डीएनएचं थोडक्यात सांगते, वेळ कमी उरलाय. तो रंगीत नकाशा येतो, इतके टक्के आयरिश, त्याने गाव सापडत नाही. कामाची असते ती मॅचची यादी, कोणाशी किती डीएनए जुळतो ती. चुलत-मावस भावंडांत साधारण 12.5 टक्के जुळतं, पुढच्या पिढीत 3 च्या आसपास, त्याच्या पुढच्या पिढीत 1 टक्क्याच्याही आत, आणि आणखी पुढे कधीकधी काहीच नाही, नातं खरं असूनसुद्धा. म्हणून टेस्ट करायची तर घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाची करा, त्यांना नीट समजावून, विचारून. कारण यातून कधी घरातली झाकलेली गोष्टही बाहेर येते. आणि मॅच आला तरी कागद लागतोच. डीएनए सांगतो नातं आहे, कुठल्या पॅट्रिककडून आहे ते रजिस्टर सांगतं.

दुसरा मुद्दा अ‍ॅनीच्या गोष्टीतच होता, परत सांगते. माणूस सापडत नसेल तर त्याचा भाऊ शोधा, बहीण शोधा. अ‍ॅनी फिलिपमुळे सापडली.

तुमची सून किंवा जावई आयरिश वंशाचे असतील तर त्यांच्या घरी आधी दफनभूमीबद्दल विचारा. बोस्टन-न्यूयॉर्ककडच्या कितीतरी जुन्या आयरिश थडग्यांवर पॅरिशचं नाव कोरलेलं असतं, मायदेशाच्या कागदात सापडणार नाही ते तिथल्या दगडावर सापडतं. अ‍ॅनीच्या थडग्यावर मात्र 84 वर्षं दगड नव्हता. 2008 मध्ये लोकांनी आयर्लंडमधल्या निळसर चुनखडीचा दगड आणून बसवला, आता तिचं नाव आहे तिथे.

नमस्कार.