सूपभर जोंधळे

(दृश्य: कर्नाटकातला सौंदत्तीचा डोंगर, यल्लम्मा देवीचं ठाणं. पहाट. भंडाऱ्याने पिवळ्या झालेल्या पायऱ्या.)

मार्गशीर्षातली पुनव. आपल्याकडं हिला रांडाव पुनव म्हणतात. यल्लम्माचा नवरा जमदग्नी मारला गेला, ती विधवा झाली. म्हणून तिला वाहिलेल्या बायकांच्या, देवदासींच्याही बांगड्या फुटायच्या. बेळगाव, निपाणी, पार कोल्हापूर-सांगलीकडून गाड्या भरून माणसं यायची. अजूनही येतात.

(दृश्य: निपाणी. अरुंद गल्ली, बंद दारं.)

मुलगी देवाला 'सोडली' म्हणायचं. कुणी सोडली? विचारत जा, एक माणूस काही सापडत नाही. केसांत जट आली, म्हणजे तेलपाण्याविना केसांचा गुंता झाला. आईनं तो कुणाला तरी दाखवला. त्यानं सांगितलं, देवीचं बोलावणं आहे. बापाला मुलगा नव्हता. पोरगी घरातच राहिली तर म्हातारपणाला आधार. पुजाऱ्यानं लाल-पांढरे मणी बांधले. कासारानं हिरवा चुडा भरला, शेजारणींनी ओटी. मग गल्ली जेवली. न्हाण आल्यावर कुणीतरी ऐपतदार पुरुष झुलवा लावणार, म्हणजे लग्नाविना तिला ठेवणार, हे पंगतीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पोरी बहुतेक दलितांच्या. झुलवा लावणारा बहुतेक वरच्या आळीतला.

सौंदत्ती मुंबई इलाख्यात होती तेव्हा, १९३४ सालीच, याविरुद्ध कायदा झाला. मग १९८२ चा कर्नाटकाचा. त्यात विधी करणारा, करू देणारा, त्यात भाग घेणारा, मदत करणारा, सगळेच गुन्हेगार. तीन वर्षांपर्यंत कैद. आईबाप किंवा नातेवाईक असतील तर दोन ते पाच. ते कलम वाचताना मला अख्खी गल्ली दिसते. मणी मात्र थांबले नाहीत. डोंगरावरून घरात आले, रात्री, दार लावून. आणि भिंतीपलीकडं ऐकू येत नाही असं आपल्या गल्लीत एकही घर नाही.

(दृश्य: जुन्या घराचा उंबरा. भिंतीला टेकवलेलं सूप.)

आमच्या दारात दर मंगळवारी जोगतीण यायची, देवीच्या नावानं जोगवा मागणारी, अशीच सोडलेली बाई. 'उदं गं आई उदं.' आजी सूपभर जोंधळे तिच्या परडीत ओतायची, पाया पडायची, माझ्या कपाळाला भंडारा लावायची. चहा द्यायची तो वेगळ्या कपात. तो कप बाहेरच्या कोनाड्यात असायचा. आजी वाईट नव्हती. हे वाक्य मी खूपदा म्हटलंय, आणि दर वेळी जरा घाईनंच.

एकदा आजीला विचारलं, तिचं नाव काय गं?

"जोगतीण," म्हणाली. "दुसरं काय असणार?"

ती पंधरा वर्षं येत होती.