चौथा प्रयत्न, अठरा यार्ड

(पडद्यावर : बफेलोचं स्टेडियम, गच्च भरलेलं. प्रेक्षकांचा गोंगाट.)

१३ नोव्हेंबर २०२२. न्यूयॉर्क राज्यातलं ऑर्चर्ड पार्क. बफेलो बिल्स २७, पाहुणे मिनेसोटा व्हायकिंग्ज २३. घड्याळात दोन मिनिटंही उरलेली नाहीत.

अमेरिकन फुटबॉलचा हिशेब साधा आहे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्याला देऊन टाकायचा. व्हायकिंग्जचा हा चौथा प्रयत्न. त्यात आधीच मागे रेटले गेलेत, म्हणून आता हवेत अठरा यार्ड. साडेसोळा मीटर. कबड्डीचं अख्खं मैदान तेरा मीटरचं असतं, यावरून अंदाज करा.

व्हायकिंग्जचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, कर्क कझिन्स चेंडू उंच भिरकावतो. त्या चेंडूच्या दिशेने धावतोय तेवीस वर्षांचा वाइड रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा, जस्टिन जेफरसन. पाठीवरचा आकडाही अठराच.

चेंडू हवेतच राहू दे. आपण जरा मागे जाऊ.

(पडद्यावर : लुइझियाना. मिसिसिपी नदीकाठची वस्ती.)

न्यू ऑर्लिन्सजवळचं सेंट रोझ हे त्याचं गाव. घरात तीन भाऊ आणि तिघांचंही विद्यापीठ एकच, लुइझियाना स्टेट, म्हणजे एलएसयू. थोरला जॉर्डन तिथे क्वार्टरबॅक होता, मधला रिकी बचावपटू. धाकट्या जस्टिनची मात्र शाळेत असताना कुणी फारशी दखल घेतली नव्हती. २०१७मध्ये एलएसयूत आला, आणि त्या पहिल्या हंगामात त्याच्या नावावर झेल किती? शून्य.

दोन वर्षांनी आकडा होता १११. झेल १११, त्या झेलांवर कमावलेले यार्ड १५४०, टचडाऊन, म्हणजे चेंडू थेट गोलरेषेपार, १८. ओक्लाहोमाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात तर पठ्ठ्याने मध्यंतरापूर्वीच चार टचडाऊन केले. एलएसयूने त्या हंगामात पंधरापैकी पंधरा सामने जिंकले आणि राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. पण क्वार्टरबॅक होता जो बरो, जोडीला रिसीव्हर होता जमार चेस. सगळा उजेड त्या दोघांवर. जेफरसनबद्दल जाणकारांची शंका वेगळीच होती. हा आतल्या बाजूला उभं राहून मोकळ्या जागेत झेल घेतो. मैदानाच्या कडेला, एकटा बचावपटू अंगावर आला की याचं काय होणार?

(पडद्यावर : एप्रिल २०२०. सुनसान रस्ते, घरात बसलेले खेळाडू.)

ड्राफ्ट म्हणजे व्यावसायिक लीगमधल्या, एनएफएलमधल्या, संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडायचे. कोरोनामुळे त्या वर्षीचा ड्राफ्ट ऑनलाइन झाला. लीगचे आयुक्त आपल्या घराच्या तळघरातून एकेक नाव पुकारत होते. बाराव्या क्रमांकावर एक रिसीव्हर गेला. पंधराव्यावर एक, सतराव्यावर एक. एकविसावी पाळी फिलाडेल्फिया ईगल्सची. त्यांनाही रिसीव्हरच हवा होता. त्यांनी जेलन रेगरला घेतलं. बाविसाव्या क्रमांकावर व्हायकिंग्जनी जेफरसनचं नाव दिलं.

आता हा बाविसावा क्रमांक मुळात व्हायकिंग्जचा नव्हताच. तो होता बफेलोचा. महिनाभर आधी व्हायकिंग्जनी स्टीफन डिग्ज हा आपला बिनीचा रिसीव्हर बफेलोला देऊन टाकला होता, आणि बदल्यात जे मिळालं त्यात हा क्रमांक होता. असल्या सौद्यात बहुतेकदा एकाची चांदी होते आणि दुसरा कपाळाला हात लावून बसतो. इथे दोघांचंही फावलं. डिग्जने बफेलोत पहिल्याच वर्षी १५३५ यार्डांसह लीगमध्ये अव्वल नंबर पटकावला. इकडे जेफरसनने पहिल्या दोन सामन्यांत मिळून पाच झेल घेतले, तिसऱ्यात टेनेसीविरुद्ध एकदम १७५ यार्ड केले, टचडाऊननंतर न्यू ऑर्लिन्सचा ग्रिडी नाच करून दाखवला आणि हंगाम १४०० यार्डांवर संपवला. रेगरचं पुढे काय झालं? फिलाडेल्फियाने दोन वर्षांनी त्याला सोडलं. गेला कुठे, तर व्हायकिंग्जकडेच. जेफरसनच्याच संघात.

(पडद्यावर : पुन्हा बफेलो. चेंडू अजून हवेत.)

म्हणजे त्या नोव्हेंबरच्या दुपारी सौद्यातल्या दोन्ही बाजू एकाच मैदानावर होत्या. डिग्जचे त्या दिवशी १२ झेल आणि १२८ यार्ड. जेफरसनचे किती, ते या चेंडूवर बरंचसं अवलंबून आहे.

अंगाला चिकटून उडी मारतोय बचावपटू कॅम लुईस. खरं तर चेंडू नुसता खाली पाडला तरी बिल्सचं काम होणार होतं. लुईसचे दोन्ही हात चेंडूवर पोचलेत. जेफरसनचा एकच. तो पाठीवर पडतो, आणि पडता पडता त्या एका हाताने चेंडू ओढून घेतो. जमिनीला न टेकवता.

(शांतता. मग हळूहळू आवाज वाढू द्यावा.)

बत्तीस यार्ड.

पुढची हकिगत कुणी रचून सांगितली असती तर खोटी वाटली असती. व्हायकिंग्ज गोलरेषेला भिडले आणि वीतभर अंतरावर अडले. चेंडू बिल्सकडे गेला. त्यांच्या जॉश ॲलनच्या हातून तो सुटला, आणि व्हायकिंग्जच्या एरिक केंड्रिक्सने बिल्सच्याच गोलक्षेत्रात त्यावर झडप घातली. अखेर जादा वेळेत व्हायकिंग्ज ३३-३० असे जिंकले. जेफरसन : १० झेल, १९३ यार्ड.

तो हंगाम १८०९ यार्डांवर संपला. लीगमधला सर्वोत्तम आक्रमक खेळाडू तोच ठरला. २०२३मध्ये मांडीच्या मागचा स्नायू दुखावून सात सामने हुकले, तरी हजार यार्ड पार केलेच. जून २०२४मध्ये चार वर्षांसाठी १४ कोटी डॉलरचा करार झाला. क्वार्टरबॅक सोडता वर्षाला सरासरी इतकी रक्कम तेव्हा कुणालाच मिळाली नव्हती. पहिल्या पाच हंगामांचे मिळून यार्ड ७४३२. तोवर हेही कुणाला जमलं नव्हतं.

पण रिसीव्हरचा धंदाच परस्वाधीन. तो धावेल, बचावपटूला चकवेल, मोकळा होईल. चेंडू फेकणारा हात दुसऱ्याचा.

(पडद्यावर : १५ जानेवारी २०२३. मिनियापोलिस, प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी.)

बफेलोनंतर दोनच महिने. समोर न्यूयॉर्क जायंट्स, व्हायकिंग्ज ३१-२४ असे मागे. पुन्हा शेवटची मिनिटं, पुन्हा चौथा प्रयत्न. या वेळी हवेत फक्त आठ यार्ड. जायंट्सनी दिवसभर जेफरसनला जखडून ठेवलंय; ४७ यार्डांपलीकडे जाऊ दिलेलं नाही. कझिन्सवर बचावफळी चाल करून येते. तो घाईघाईत जवळच उभ्या असलेल्या टी. जे. हॉकेन्सनकडे चेंडू देतो.

तीन यार्ड. हॉकेन्सन तिथेच आडवा होतो. अठरा नंबरची जर्सी मैदानात दुसरीकडेच आहे, हात रिकामे.