क्लचप्लेटा जळाल्या, पैसे कोणी द्यायचे?

मंडळी, सुरुवातीलाच सांगतो, मी काही वक्ता नाही, गॅरेजवाला आहे, वाचनालयाच्या पोट्ट्यांनी मागं लागून उभं केलं म्हणून उभा आहे. विषयही त्यांनीच दिला. कारण मागच्या पावसाळ्यात एका गाडीच्या क्लचपायी आपल्याच गावात काका-पुतण्याचं बोलणं बंद झालं आणि ते भांडण माझ्या दुकानासमोरच झालं. नावं घेत नाही, दोघंही इथंच बसले आहेत. (हशा)

झालं असं की पुतण्यानं काकाची शंभर सीसीची गाडी मागून नेली, वावरात खत न्यायला. डीएपीची गोणी 50 किलोची, युरियाची आता 45 ची. तर ह्या भल्या माणसानं डीएपी मागं बांधली, युरिया टाकीवर आडवा टाकला, म्हणजे 95 किलो खत आणि वर स्वतः. आणि रस्ता कोणता, तर पांदण. आपली खारपाणपट्ट्याची काळी माती, पावसात ती चाकाला चिकटत नाही हो, ती चाक आणि मडगार्डच्या मधात दाबून भरते, चाक फिरायचंच थांबते. मग माणूस काय करते, उतरून काडीनं माती काढायची तर ते नाही, क्लच अर्धा दाबायचा आणि रेस द्यायची. घर्रर्र. दहा मिनिटांत जळका वास, अन् गाडी पांदणीतच.

काका म्हणे, "याच्या हातात गेली, यानंच जाळली, यानंच भरून द्यावं." पुतण्या म्हणे, "गाडी पयलेपासूनच घसरत होती, मले काऊन सांगतलं नाही?" आणि दोघंही माझ्याकडं पाहून राह्यले, जसं काही मी तलाठी आहे.

आता राजेहो, क्लच म्हणजे आत आहे काय ते पहिले समजून घ्या, त्याशिवाय भांडण सुटत नाही. मोटरसायकलमध्ये एका डब्यात, त्याला आम्ही घंटी म्हणतो कोणी हाऊसिंग म्हणते, त्यात प्लेटांची थप्पी असते, एक घासणारी प्लेट एक लोखंडी, पुन्हा घासणारी पुन्हा लोखंडी. स्प्रिंगा त्यांना दाबून धरतात म्हणून इंजिनाची ताकद चाकाकडं जाते. तुम्ही क्लच दाबला की स्प्रिंगांचा दाब सुटतो, प्लेटा मोकळ्या होतात. अर्धा दाबला तर? तर त्या एकमेकीवर घासत राहतात. गाडी उचलताना तेवढं घासणं लागतेच, त्यासाठीच त्या बनवल्या आहेत, पण दोन सेकंद घासणं वेगळं आणि दहा मिनिटं घासणं वेगळं. आणि ही सगळी थप्पी इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडून असते. हे लक्षात ठेवा, पुढं कामाचं आहे.

मी दोघांसमोर साइडचं कव्हर खोललं. मी हे नेहमी करतो, गिऱ्हाईक समोर असल्याशिवाय क्लच खोलत नाही आणि जुन्या प्लेटा पिशवीत घालून त्याच्याच हातात देतो. तोंडानं कोणी काहीही बोलो, प्लेटा खोटं बोलत नाहीत. लोखंडी प्लेट निळी-जांभळी पडली असेल, वाकली असेल, तर ती एकदम तापली, म्हणजे कोणीतरी थोड्या वेळात जबर घसरवली. सगळ्या प्लेटा सारख्याच पातळ झाल्या, पण रंग साफ आहे, तर ते वय आहे, जसा बैलाचा खूर झिजते तसं, त्यात कोणाचा दोष काढू नये. आणि घंटीच्या बोटांवर, जिथं प्लेटांचे कान अडकतात, तिथं खाचा पडल्या असतील तर त्या एका दिवसाच्या नसतात, त्याला वर्षं लागतात.

ह्या गाडीत काय निघालं? दोन्ही. लोखंडी प्लेटा निळ्या, म्हणजे पुतण्याचा पराक्रम. पण घंटीला खाचा, घासणाऱ्या प्लेटा आधीच कागदासारख्या, आणि केबलला ढिल अजिबात नाही. बहुतेक गाड्यांच्या लिव्हरच्या टोकाला 10 ते 20 मिलीमीटर मोकळी चाल पाहिजे. प्लेटा झिजत जातात तशी ही चाल आपोआप कमी होते, वर कोणी केबल ताणून ठेवली तर लिव्हर सोडली तरी क्लच थोडा दाबलेलाच राहते आणि तुम्हाला माहीतही नसताना प्लेटा दिवसरात्र घासतात. दोन बोटं लिव्हरवर ठेवून गाडी चालवणाऱ्याचंही तेच. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढून आलेल्या गाड्या माझ्याकडं येतात ना, त्यातल्या अर्ध्या ह्याच सवयीच्या.

मग ऑइल काढलं. काळं असणारच, पण पातळ पाण्यासारखं. म्हटलं काका, हे कोणतं टाकलं? काकाचं तोंड पडलं. नागपूरचे जावई आले होते, त्यांच्या कारच्या डब्यातलं उरलं होतं, महागाचं ऑइल, वाया कशाला घालवायचं म्हणून गाडीत ओतलं. आता पाहा, कारचा क्लच ऑइलमध्ये नसते, कोरडा असते, म्हणून कारच्या नव्या पातळ ऑइलांत घर्षण कमी करायची औषधं टाकतात, तेवढंच मायलेज वाढते. तेच ऑइल मोटरसायकलमध्ये गेलं की जिथं घर्षण पाहिजे तिथंच घसरण. यासाठी जपान्यांनी वेगळी परीक्षा ठेवली आहे, जासो नावाची, डब्याच्या मागं बारीक अक्षरात एमए किंवा एमए2 लिहिलेलं असते, ते मोटरसायकलचं. एमबी लिहिलं असेल तर ते स्कूटीचं, तिचा क्लच बाहेर कोरडा असते. ऑइल महाग आहे की स्वस्त हा प्रश्नच नाही. जावयाला चहा पाजा, त्याचं ऑइल घेऊ नका.

आता जबाबदारी. माझ्याकडं एक वकील साहेब गाडी देतात, हे प्रकरण त्यांना सांगितलं तर ते हसले आणि म्हणे तुमच्या काका-पुतण्याचं भांडण 1872 च्या करार कायद्यातच लिहून ठेवलं आहे, फक्त तिथं गाडीच्या जागी घोडा आहे. मला वाटलं गंमत करून राह्यले, तर त्यांनी पुस्तक उघडून दाखवलं. कलम 150. एकानं दुसऱ्याला घोडा दिला, घोडा बिथरणारा आहे हे देणाऱ्याला माहीत होतं पण सांगितलं नाही, घोडा उधळला, बसणारा पडला, तर नुकसान देणाऱ्याच्या अंगावर. आणि कलम 154 मध्ये उलटं. घोडा फक्त तुझ्यासाठी दिला, तू घरच्या दुसऱ्या माणसाला बसवलं, तो सांभाळून चालवत होता तरी घोडा पडून जखमी झाला, तर भरपाई घेणाऱ्यानं द्यायची, कारण ज्या कामाला दिला त्याच्याबाहेर वापरला. म्हणजे काकानं "घसरते बरं का" हे सांगायला पाहिजे होतं, आणि पुतण्यानं "दोन गोण्या नेतो" हे सांगायला पाहिजे होतं. दोघंही चूप राह्यले. ह्या दीड-दोन हजारासाठी कोणी कोर्टात जात नाही, जाऊही नये, पण भांडण मिटवायला हा घोडा फार कामाचा आहे.

(श्रोत्यांतून: गॅरेजवाल्याची चूक असली तं?)

विचाराच, मी वाटच पाहत होतो. माझ्याकडं एक पोट्टा शिकायला होता, त्यानं एका मास्तरांच्या गाडीची केबल कडक करून दिली, गिऱ्हाईक खूश, क्लच कसा टाइट वाटते म्हणे. महिन्यात प्लेटा गेल्या. मास्तर मला म्हणे मीच चढावर जोर दिला असेल. मी खोलून पाह्यलं आणि पैसे घेतले नाहीत, प्लेटा माझ्या, मजुरी माझी. गाडी आपल्या ताब्यात दिली की स्वतःच्या गाडीसारखी सांभाळायची, हेही त्याच कायद्यात आहे, आणि कायदा नसता तरी मास्तरांनी मला पाढे शिकवले आहेत. पण एक आहे, काम बरोबर झालं आणि तुम्ही पैसे दिले नाहीत तर गाडी अडवून ठेवायचा हक्क गॅरेजवाल्याला आहे, हेही वकील साहेबांनी सांगितलं, ते मी आनंदानं ऐकलं.

नवी गाडी असेल तर गोष्ट वेगळी. वॉरंटीचं पुस्तक उघडा, बहुतेक ठिकाणी क्लचप्लेट, ब्रेक शू, केबल हे झिजणारे भाग म्हणून वगळलेले असतात. शोरूमवाला तेच पान दाखवते आणि आपण मान खाली घालून येतो. पण झिजणं वेगळं आणि मुळात दोष असणं वेगळं. तीन हजार किलोमीटरमध्ये प्लेटा दोनदा गेल्या तर त्याला झीज म्हणत नाहीत, तिथं लेखी मागा की कारण काय. जुन्या प्लेटा तिथं सोडून येऊ नका, जॉबकार्ड, म्हणजे गाडीचं काय काम केलं तो कागद, घ्या. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला, त्यात तुम्ही गाडी अकोल्याहून घेतली असो की पुण्याहून, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, म्हणजे आपल्याला अमरावतीच. दोन वर्षांच्या आत करायची. पाच लाखापर्यंतच्या वस्तूला फी नाही. त्याआधी 1915 ला, म्हणजे सरकारच्या ग्राहक हेल्पलाइनला, फोन लावून पाहा, बऱ्याच गोष्टी तिथंच सुटतात. दूधवाल्या भाऊनं मागं विचारलं होतं, माही गाडी धंद्याची आहे मग मी ग्राहक कसा? तर स्वतःच्या पोटासाठी स्वतः चालवत असाल तर तुम्ही ग्राहकच. मात्र नुसत्या जळालेल्या क्लचसाठी "प्रॉडक्ट लायबिलिटी", म्हणजे दोषी वस्तूमुळं झालेल्या इजेची भरपाई, असं मोठं नाव घेऊन कोणी लाखाची स्वप्नं दाखवली तर पडू नका, वस्तूचं स्वतःचं नुकसान त्यात धरतच नाहीत, क्लचसाठी साधी दोषाची नाहीतर सेवेतल्या कमतरतेची तक्रार.

हं, तर काका-पुतण्या. मी म्हटलं प्लेटा आणि ऑइल काकाचं, कारण त्या तशाही दिवाळीपर्यंत टिकल्या नसत्या. मजुरी पुतण्याची, आणि मडगार्डमधली माती त्यानंच काढायची, माझ्यासमोर. काका तयार झाले, पुतण्या थोडा कुरकुरला, पोळ्याला दोघं बैल घेऊन एका रांगेत उभे होते एवढं मी पाह्यलं. बोलले की नाही ते त्यांनाच विचारा.

(श्रोत्यांतून: भाऊ, माही गाडी रेस घेते पण पयत नाही, कशानं?)

कधीपासून? बाहेर उभी आहे ना? मग चाबी द्या इकडं, सपाट डांबरी रोडवर तिसऱ्या गिअरला एकदम रेस देऊन पाहू, इंजिन ओरडलं आणि गाडी तिथंच राहिली तर कळतेच. पण पहिले हे सांगा, ऑइल कोणाच्या डब्यातलं टाकलं?