बागेमागचे कागद

नमस्कार, श्रोतेहो.

आमच्या वस्तीतील बाग टिकावी म्हणून माझी आई निम्मे आयुष्य झटली, आणि ती गेल्यावर ते काम माझ्याकडे आले. काम आले म्हणजे एक लोखंडी कपाट आले. त्यात नकाशे, हरकतींच्या प्रती, सुनावणीच्या नोटिसा आणि शिक्का मारलेल्या पोचपावत्या आहेत. आई टपाल खात्यात नोकरीला होती आणि पोच घेतल्याशिवाय एकही अर्ज ती कोणत्याही टेबलावर सोडत नसे.

बाग वाचते ती झाडांवरच्या प्रेमामुळे, असे मला लहानपणी वाटे. प्रेम हवेच, पण ते वेळेवर कागदावर उतरले नाही तर जागा हातची जाते, हे मला त्या कपाटाने शिकवले. विकास आराखड्यात एखाद्या भूखंडावर बागेचे आरक्षण पडले म्हणजे ती जमीन नगरपालिकेची झाली असे होत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 याच्या कलम 127 प्रमाणे, अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही, तर मालक खरेदीची सूचना देऊ शकतो, आणि ठरलेल्या मुदतीत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण आपोआप संपते. आज ही मुदत 24 महिन्यांची आहे. आईच्या काळी ती अवघी सहा महिन्यांची होती. या सगळ्यात कुठे कुऱ्हाड चालत नाही, की कुठे पत्र्याचे कुंपण उभे राहत नाही. एक सूचना आवक नोंदवहीत चढते, तिच्यावर कोणी काही करत नाही, आणि कॅलेंडर पुढे सरकते.

आमच्या बागेचा मागचा भाग खाजगी मालकीचा होता आणि त्याच्याबाबत नेमके हेच घडू लागले होते. मालकाची मागणी कायद्याला धरूनच होती. त्याला मोबदला मिळायला हवा, असे आई नेहमी म्हणे. तिची तक्रार होती ती स्वस्थ बसलेल्या कार्यालयाबद्दल. वस्तीतील बायकांना बरोबर घेऊन ती प्रत्येक सभेला जाऊन बसली, आणि संपादनाचा ठराव झाल्यावरही थांबली नाही. नुसत्या ठरावाने भागत नाही, हे पुढे 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्स प्रकरणात स्पष्ट केले. आईने संपादनाची अधिकृत घोषणा होईपर्यंत पाठ सोडली नाही, म्हणून तो भाग आज बागेत आहे.

तिच्या फायलीत एक जुने कात्रण आहे. बंगळूरच्या राजमहल विलास विस्तारातील उद्यानासाठी राखलेली मोकळी जागा एका खाजगी रुग्णालयासाठी देण्यात आली होती. रहिवासी न्यायालयात गेले आणि 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्दच राहील असा निकाल दिला. उद्यानासाठी राखलेली जागा तिथे राहणाऱ्यांच्या हिताची असते आणि ती राखण्यासाठी त्यांना दाद मागता येते, हे त्या निकालाने मान्य केले. रुग्णालय काही वाईट गोष्ट नव्हे, आणि म्हणूनच मला हा निकाल फार मोलाचा वाटतो.

कारण माझ्या वाट्याला आलेला प्रसंग तसाच होता. आईला अनोळखी लोकांशी झगडावे लागले; मला शेजाऱ्यांना नाही म्हणावे लागले. कोणाला बागेच्या कोपऱ्यात व्यायामशाळा हवी होती, कोणाला सभागृह, कोणाला वाहनतळ. मागणारे सज्जन होते, त्यांची गरजही खरी होती, आणि "तुमच्या आईंनी आम्हाला अडवलं नसतं" हे वाक्य ऐकून घेणे कठीण होते. आईच्या नावावर उत्तर द्यायचे नाही, असे मी ठरवले. आराखड्यात बदल करायचा तर कलम 37 खाली जाहीर सूचना काढून हरकतींसाठी महिनाभर वेळ द्यावा लागतो, एवढेच मी सभेत मांडले, आणि बागेत खेळणाऱ्या मुलांच्या पालकांना स्वतःच्या सहीने स्वतःचे म्हणणे लिहायला सांगितले.

आईच्या वहीत प्रत्येक झाडाची जात आणि ते लावल्याची तारीख आहे. वृक्ष संरक्षणाच्या राज्य कायद्यात 2021 मध्ये दुरुस्ती झाली आणि पन्नास किंवा अधिक वर्षांच्या झाडांना वारसा वृक्ष मानले जाऊ लागले. आमचे दोन कडुनिंब आणि एक पिंपळ आता त्या वयाचे झाले आहेत, आणि त्यांचे वय सांगायला ती वही उपयोगी पडते आहे.

कपाटाची किल्ली आता माझ्या एकटीकडे नसते. घराण्याची मिरास म्हणून बाग सांभाळणे मला मान्य नाही. शिवाय माझ्यानंतर कोण, हा प्रश्नही आहेच. वस्तीतील चार तरुण मुले-मुली नोटिसा वाचायला शिकली आहेत. आपल्या भागातील बागेचे आरक्षण कोणते आणि जमीन कोणाच्या नावावर आहे, हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी नगररचना विभागाकडून विकास आराखड्याचा भाग नकाशा आणि नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका मागून घ्यावी. दोन्ही अर्जांची पोच मात्र अवश्य घ्यावी. नमस्कार.